रंगीत फ्लॉवर, रोमानेस्को आणि ब्रोकोलिनी : मखमलाबाद, नाशिक इथल्या अडीच गुंठ्यांच्या नोंदी

२८ ऑगस्ट

द्राक्षबागेच्या कडेचं अडीच गुंठ्यांचं वावर टोमॅटो निघाल्यापासून रिकामं आहे. ठिबक तयार आहे, पाणी विहिरीचं आणि आवर्तन सुटलं की कालव्याचं. इथे पांढरा फ्लॉवर लावला तर बाजार समितीत कधी चांगला भाव मिळतो, कधी गाडीभाडंही सुटत नाही. त्यामुळे या हंगामात वेगळे वाण करायचे ठरवले आहेत. मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीत २०२१ मध्ये जांभळा आणि पिवळा फ्लॉवर निघाल्याच्या बातम्या आल्या होत्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यात हे पीक येतं एवढं नक्की. रोमानेस्कोची आणि ब्रोकोलिनीची मात्र आसपास कुणाकडे विचारायची सोय नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे, पुढे कुणी लावलं तर उपयोगी पडेल.

काय घेतलं : हिरवा रोमानेस्को (शंकूशंकूंचा गड्डा), जांभळा फ्लॉवर, केशरी फ्लॉवर, ब्रोकोलिनी (लांब देठ आणि टोकाला छोटा तुरा असलेली) आणि जांभळी फुटव्याची ब्रोकोली. पाचही बियाण्यांचे मिळून ३,४०० रुपये झाले. पांढऱ्या फ्लॉवरच्या मानाने हे फार महाग आहे आणि सगळ्यात महाग रोमानेस्को.

५ सप्टेंबर

बी रोपवाटिकेत दिलं. रोप तयार करून द्यायचे ९० पैसे प्रतिरोप, कोकोपीट आणि ट्रे त्यांचे. घरी गादीवाफ्यावर रोपं करता आली असती, पण सप्टेंबरच्या दमट हवेत कोबीवर्गीय रोपं मुळाशी कुजून आडवी पडतात. इतक्या महाग बियाण्यावर तो धोका नको वाटला.

तारीख अशी काढली : नाशिकला खरी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. निफाडला पारा जितका उतरतो तितका आमच्याकडे उतरत नाही. फ्लॉवरचा गड्डा १५ ते २० अंशांत चांगला भरतो. रोमानेस्कोला पुनर्लागवडीपासून तीन महिने तरी लागतात. म्हणजे गड्डा जानेवारीच्या सुरुवातीला हवा असेल तर रोप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वावरात पाहिजे. पाकिटावर "सप्टेंबर ते नोव्हेंबर पेरणी" छापलेलं आहे. ते ठिकठिकाणच्या हवामानासाठी सरसकट लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नये. आपल्या थंडीपासून उलटं मोजावं.

१७ सप्टेंबर

वावराची मशागत झाली. घरचं कुजलेलं शेणखत घातलं. माती तपासणीचा कागद आला : सामू (मातीची आम्ल-विम्लता, पीएच) ८.१, चुनखडी भरपूर. काळ्या जमिनीत हे नवं नाही.

चारही कडांना आणि मधे दोन ओळी मोहरी पेरली. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबी-फ्लॉवरपेक्षा मोहरीवर आधी अंडी घालतो, म्हणून मोहरी लागवडीच्या पंधरा दिवस आधी पेरलेली हवी.

१ ऑक्टोबर

रोमानेस्को २००, जांभळा २००, ब्रोकोलिनी १०० आणि फुटव्याची ब्रोकोली ४० अशी रोपं लावली. अंतर ६० बाय ४५ सेंटिमीटर. रोमानेस्कोची पानं फार पसरतात, त्याला याहून कमी अंतर देऊ नका. लावणी दुपारी चारनंतर, लगेच पाणी.

केशरीची दीडशे रोपं उद्या लावायची म्हणून ट्रे सावलीत ठेवले.

४ ऑक्टोबर

परतीच्या पावसाने गाठलं. खालच्या अंगाला पाणी साचलं आहे, वाफसा नाही, म्हणजे माती कामाजोगी सुकलेली नाही. केशरी ट्रेमध्येच.

१६ ऑक्टोबर

आज कुठे खालच्या भागात पाय ठेवता आला. केशरी लावली. रोपं चाळीस दिवसांची झाली होती, देठ कडक, खालची पानं पिवळी, मुळं ट्रेच्या खणात गोल वळलेली. नाना म्हणाले, "सूनबाई, ही रोपं आता म्हातारी झाली. लावा, पण आशा धरू नका." तरी लावली, कारण बी संपलं होतं.

दरम्यान रोमानेस्कोचं उरलेलं बी १० तारखेला दुसऱ्या हप्त्यासाठी रोपवाटिकेत दिलं. मागेपुढे लावलं तर माल जास्त दिवस मिळेल, असा हिशोब.

२ नोव्हेंबर

मोहरीची पानं अळ्यांनी चाळणी केली आहेत. फ्लॉवरवर तुरळक अळ्या. म्हणजे मोहरीने काम केलं. पण मोहरीवर अळ्या तशाच वाढू दिल्या तर पतंग तिथूनच उठून पिकावर येतात, म्हणून फवारणी आधी मोहरीवर घ्यायची. पाच टक्के निंबोळी अर्क केला : अर्धा किलो निंबोळी भरडून रात्रभर भिजवली, सकाळी फडक्यातून गाळून एकूण दहा लिटर पाणी केलं, थोडा साबणचुरा घातला. तीन दिवसांनी संध्याकाळी बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध). बीटी उन्हात मारलं तर वाया जातं.

मोहरीची दुसरी ओळही पेरली, कारण पहिली आता फुलावर येऊन निबर होईल.

८ नोव्हेंबर

दुसऱ्या हप्त्याचा रोमानेस्को, १०० रोपं लावली.

२४ नोव्हेंबर

केशरीत बटणं धरायला लागली. झाड वीतभर, पानं सात-आठ, आणि मधोमध लिंबाएवढा गड्डा. हे आता वाढणार नाहीत. ट्रेमध्ये रोप थांबलं की त्याची पानांची वाढ खुंटते आणि ते घाईने गड्डा धरतं, पोसायला मात्र पानं नसतात. खत देऊन उपयोग नाही. अशी चाळीस झाडं गेली. ती उपटून टाकली, म्हणजे शेजारच्या झाडांना जागा आणि पाणी मिळेल. पाऊस आपल्या हातात नाही, पण रोपवाटिकेत रोपं दोन टप्प्यांत मागवली असती तर हा फटका निम्मा बसला असता. दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा.

५ डिसेंबर

ब्रोकोलिनीची पहिली तोडणी. ही ब्रोकोली आणि चिनी केल यांच्या संकरातून जपानमध्ये तयार झालेली भाजी. लांब कोवळा देठ आणि टोकाला छोटा तुरा. मधला पहिला तुरा रुपयाच्या नाण्याएवढा असतानाच छाटून टाकायचा, त्याचा मोह धरायचा नाही. दहा-बारा झाडांवर तो मोठा होऊ दिला होता, त्यांना बाजूचे फुटवे उशिरा आणि बारीक आले. छाटलेल्या झाडांना पेन्सिलीएवढे जाड फुटवे आहेत आणि दर चार-पाच दिवसांनी नवे येतात. फूल पिवळं उमलायच्या आत काढायचं.

१० डिसेंबर

खुरपणीला आलेल्या बायांनी जांभळ्याच्या दोन सऱ्यांची पानं वर ओढून सुतळीने बांधून ठेवली. पांढऱ्या फ्लॉवरला उन्हाने पिवळेपणा येऊ नये म्हणून इथे सगळे असंच बांधतात, त्यांनी सवयीने आणि आपलेपणाने केलं. पण जांभळ्याचा रंग उन्हावरच चढतो. सोडून पाहिलं तर आतले गड्डे फिक्या गुलाबट रंगाचे, काही जवळजवळ पांढरे. सगळी पानं मोकळी केली. केशरीलाही ऊन लागतं. आता बायांना आधीच सांगून ठेवलं : रंगीताला सुतळी लावायची नाही.

१२ डिसेंबर

ही नोंद जरा मोठी आहे, कारण पैसे इथेच गेले.

रोमानेस्कोच्या काही गड्ड्यांवर शंकूंच्या मधे पाणी भरल्यासारखे डाग दिसले, दोन दिवसांत ते तपकिरी झाले. आधी वाटलं रोग आहे. घाण्या रोगात पानाच्या कडेपासून व्ही आकाराचा पिवळा चट्टा आत सरकतो आणि शिरा काळ्या पडतात. इथे पानं स्वच्छ होती, फक्त नवी पानं जाड आणि ठिसूळ, मोडली की कट्‌ आवाज. एक झाड उपटून देठ उभा चिरला. आत पोकळ, आणि पोकळीच्या कडा तपकिरी. ही बोरॉनची कमतरता.

मातीत बोरॉन असेलही, पण सामू आठच्या वर आणि चुनखडी असली की ते मुळांना मिळत नाही. फ्लॉवरला बोरॉन इतर भाज्यांपेक्षा जास्त लागतं. त्यात आम्ही ठिबकमधून नत्र जरा सढळ सोडलं होतं. झाड झपाट्याने वाढलं की पोकळी आणखी वाढते. जांभळ्यात हा त्रास नगण्य, रोमानेस्कोत जास्त.

उपाय : २० टक्के बोरॉन एक ग्रॅम प्रतिलिटर, आज एक फवारणी आणि दहा दिवसांनी दुसरी. नत्र थांबवलं, पाणी रोज थोडं थोडं. ठिबकच्या दोन लॅटरल (नळ्या) गाळाने तुंबल्या होत्या, त्या झटकून घेतल्या. डाग पडलेले गड्डे सुधारत नाहीत, ते गेलेच. ज्यांचे गड्डे अजून लहान आहेत ते वाचतील.

खरं तर हे लागवडीआधी करायचं काम. अडीच गुंठ्यांना पाव किलो बोरॅक्स पुरतं. ते वाळलेल्या शेणखतात किंवा वाळूत नीट कालवून सारखं पसरायचं. मूठ जड पडली तर तेच विष होतं, पानांच्या कडा जळतात, त्यामुळे अंदाजाने फेकू नका, वजन करून घ्या.

२२ डिसेंबर

जांभळा काढला. सहाशे ते आठशे ग्रॅमचे गड्डे, घट्ट, रंग असा की पाहतच राहावं. सुतळी सोडलेल्या सऱ्यांपैकी काहींवर थोडा रंग चढला, बाकीचे फिके राहिले. ते घरी आणि नातेवाइकांकडे.

आता स्वयंपाकघर. जांभळा रंग पाण्यात विरघळणारा असतो आणि आंबट-खारानुसार बदलतो. सगळ्या पद्धती करून पाहिल्या.

विहिरीच्या पाण्यात उकडला : पाणी निळं, तुरे राखाडी-निळे. आमचं पाणी जड आहे, त्याचा हा परिणाम. चव ठीक, पण ताटात कुणी हात लावेना. चिमूटभर सोडा घालून एक तुरा टाकला तर हिरवट झाला, सोडा अजिबात नको. त्याच पाण्यात लिंबू पिळलं तर लगेच गुलाबी.

रश्शात घातला : काळ्या मसाल्यात रंगही गेला आणि चवही. एवढ्या मेहनतीने पिकवलेला फ्लॉवर काळ्या मसाल्यात बुडवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी पांढरा चांगला.

लोखंडी तव्यावर परतला : हा जमला. लहान तुरे करून पूर्ण कोरडे पुसायचे, चमचाभर तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं, झाकण नाही, पाण्याचा थेंब नाही. मीठ शेवटी, म्हणजे पाणी सुटत नाही. उतरवताना लिंबू. रंग गडद जांभळा राहतो, कडा खरपूस होतात. बाजरीच्या भाकरीबरोबर घरात सगळ्यांनी मागून खाल्ला.

लोणचं : कच्चे तुरे, मीठ, लिंबाचा रस, मोहरीची डाळ, हिरवी मिरची. दुसऱ्या दिवशी सगळं लोणचं गर्द गुलाबी. आईंनी तीन बरण्या भरल्या.

२८ डिसेंबर

विक्री. बाजार समितीत दोन क्रेट नेले होते. लिलावात कुणी बोली लावेना. एका व्यापाऱ्याने विचारलं, "ताई, याला रंग दिलाय का?" गड्डा मधून चिरून दाखवला. आतला देठ पांढरा, तुऱ्यांचा वरचा थर जांभळा. रंगात बुडवलेला असता तर चिरेतून आत उतरला असता. पटलं, पण भाव पांढऱ्याचाच देत होते. क्रेट परत आणले.

गंगापूर रोडकडच्या सोसायट्यांत शनिवारी सकाळी टेबल लावलं. शेजारी तव्यावर परतलेले तुरे चवीला ठेवले. गड्डा ३५ रुपये, तासाभरात संपला. चव दिल्याशिवाय कुणी पिशवीत टाकत नाही, एकदा चव घेतली की दोन-दोन नेतात.

५ जानेवारी

रोमानेस्को! सकाळी दव असताना काढला. पोपटी रंग, शंकूवर शंकू, प्रत्येक शंकूवर पुन्हा तसेच लहान शंकू. पुतणीने बोट फिरवून वळणं मोजली, एका दिशेने आठ आणि दुसऱ्या दिशेने तेरा. नाना काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले, म्हणाले, "हा देवळाचा कळस लावलाय गं तुम्ही."

काढायची वेळ चुकवू नका. टोकं टणक आणि एकमेकांना चिकटलेली असतानाच कापायचा. चार-पाच दिवस जास्त ठेवलेल्या गड्ड्यांचे शंकू फाकायला लागले.

ढगाळ हवेत मावा आला होता. पांढऱ्या फ्लॉवरवर तो दिसतो, इथे शंकूंच्या खाचेत लपतो. गड्डा दिसू लागल्यावर फवारणी बंद केली होती, त्यामुळे धुण्यावर भर : लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ, थोडी हळद, गड्डा उलटा करून वीस मिनिटं. मग नळाखाली. तुरे वेगळे करून पुन्हा एकदा पाहायचे.

शिजवणं : आईंनी नेहमीप्रमाणे कुकरला दोन शिट्ट्या दिल्या. लगदा झाला आणि घरभर उग्र वास. फ्लॉवरवर्गातली भाजी जास्त शिजली की गंधकाचा तो वास सुटतोच, रोमानेस्को तर लवकर मऊ पडतो. दुसऱ्या दिवशी चाळणीत चार मिनिटं वाफवला, लगेच माठातल्या पाण्यात टाकला, निथळला. तुपात लसूण आणि सुकी लाल मिरची, त्यात तुरे दोन मिनिटं, वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट. शंकू अख्खे राहिले. चव फ्लॉवरपेक्षा गोडसर, शेंगदाण्याच्या जवळची. कूट म्हणूनच शोभतं.

पानं टाकू नका. कोवळी पानं बारीक चिरून बेसन पेरून भाजी होते. देठ सोलून किसला की दह्यातली कोशिंबीर.

१० जानेवारी

केशरी काढला. वाचलेली ११० झाडं चांगली भरली. हा रंग गाजरासारखा बीटा कॅरोटीनचा, पाण्यात जात नाही, तेलात थोडा उतरतो. त्यामुळे उकडा, परता, काहीही करा, केशरीच राहतो. फक्त हळद घालू नका, नाहीतर पांढरा घालून हळद टाकली तरी तसाच दिसला असता. जिरं, हिरवी मिरची, ओला मटार, कोथिंबीर एवढंच.

या रंगाचं मूळ कॅनडात ओंटारियोमधल्या ब्रॅडफर्ड मार्श इथे १९७० मध्ये पांढऱ्या फ्लॉवरच्या शेतात सापडलेल्या एका वेगळ्या झाडात आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही पुसा केसरी हा वाण काढला आहे, त्यात बीटा कॅरोटीन ८ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत ८ ते १० भाग). पुढच्या वर्षी त्याचं बी वेळेत मागवून शेजारी शेजारी लावून पाहणार आहे.

१३ जानेवारी

भोगी. भोगीच्या भाजीत वांगं, घेवडा, गाजर, पावटा, हरभऱ्याबरोबर केशरीचे तुरे आणि ब्रोकोलिनीचे देठ घातले. ब्रोकोलिनी सगळ्यात शेवटी, दोन वाफांपुरती. तिळाच्या कुटात छान लागली.

१८ फेब्रुवारी

दुसऱ्या हप्त्याचा रोमानेस्को फसला. दुपारचं ऊन तिशीच्या वर गेलं आहे. गड्डे धरले, पण शंकू सैल, मधून पानं डोकावतात, काहींवर बारीक लव आल्यासारखा रवाळपणा. बोरॉन दिलं होतं, त्यामुळे देठ आतून भरीव आहेत, म्हणजे दोष निव्वळ उष्णतेचा. शंभरातला एकही विकण्याजोगा नाही. घरी जेवढा खाल्ला तेवढा, बाकी गाईंना. नाशिकला रोमानेस्को नोव्हेंबरमध्ये लावायचा नाही.

२ मार्च

हिशोब. खर्च : बियाणे ३,४००, रोपं ८१०, खतं १,१५०, फवारण्या ९००, मजुरी २,८००. एकूण ९,०६० रुपये. घरच्यांची मेहनत, शेणखत आणि पेट्रोल यात धरलेलं नाही.

विक्री : रोमानेस्को १४० गड्डे ५० रुपयांनी ७,०००. जांभळा १५० गड्डे ३५ रुपयांनी ५,२५०. केशरी ११० गड्डे ३५ रुपयांनी ३,८५०. ब्रोकोलिनी ६० जुड्या ४० रुपयांनी २,४००. एकूण १८,५००.

पहिल्या हप्त्यातले साठ रोमानेस्को बोरॉनच्या कमतरतेने आणि माव्याने गेले. पाव किलो बोरॅक्स वेळेत पडलं असतं तर त्यातले निम्मे तरी विकले गेले असते. जागेच्या मानाने ब्रोकोलिनीने सगळ्यात जास्त दिवस माल दिला, पण तोडणीला वेळ फार खाते.

८ मार्च

फुटव्याची जांभळी ब्रोकोली आज उपटली. पाच महिने चाळीस झाडं उभी होती. कमरेएवढी उंच, पानं तजेलदार, फुटवा एकही नाही. ब्रिटनमध्ये ही जात हिवाळाभर शेतात राहते आणि थंडी सरताना फुटते. तिला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते, ती नाशिकला मिळणार नाही. थंडी न लागणारे नवे वाण निघाले आहेत, पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. कोवळ्या पानांची बेसन पेरून भाजी केली, बुंधे बारीक करून खड्ड्यात कुजायला टाकले. या वावरात आता मेथी टाकली आहे. पुढची दोन वर्षं इथे कोबीवर्गातलं काही नाही, नवी लागवड विहिरीपलीकडच्या उंच तुकड्यात, जिथे परतीचं पाणी साचत नाही.